झालं गेलं म्हणायचं कुणी?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांचं आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेलं. त्यांच्या नावानं बोलायचं तर इंग्रजीबद्दलच बोलावं, असं मनात आलं. भिऊ नका, मी व्याकरणाचा तास घ्यायला उभा राहिलेलो नाही. थोडं व्याकरण येईल, पण सांगून येईल.

विषय साधा आहे. इंग्रजी बोलणारी माणसं गेलेल्या काळाबद्दल रोजच्या बोलण्यात कशी बोलतात? इतिहासकार काय लिहितात ते आज बाजूला ठेवू. बसच्या रांगेत, पबमध्ये, जेवणाच्या टेबलावर आणि पार्लमेंटमध्ये ही माणसं काय बोलतात ते पाहू. पार्लमेंटमधला माणूस साधा नसतो, हे मान्य. पण मोक्याच्या वेळी तो शब्द साध्या माणसाचेच उसने घेतो.

कुणी म्हणेल, त्यांच्या बोलण्याशी आपल्याला काय करायचंय? दोन कारणांनी करायचंय. एक, आपल्या घरातली निम्मी मुलं आता आजी-आजोबांच्या आठवणी इंग्रजीत सांगतात. आणि दुसरं, आपला स्वतःचा दीडशे वर्षांचा इतिहास आधी त्या भाषेत सांगितला गेला, आणि तिथले कितीतरी वाक्प्रचार आपल्या तोंडी अजून आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणाला झोप लागली तरी चालेल. गेलेल्या काळाबद्दल बोलणारा प्रत्येक माणूस नकळत चार गोष्टी ठरवत असतो. ते किती लांब होतं? ते कुणाच्या जागी उभं राहून पाहायचं? ते चांगलं होतं की वाईट? आणि ते कुणी केलं? या चार प्रश्नांची उत्तरं साध्या शब्दांत दडलेली असतात. ती ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, भूतकाळ त्याच्या मालकीचा. चार प्रश्न, चार मुद्दे. क्रमानं घेऊ.

पहिला मुद्दा, अंतराचा.

इंग्रज माणूस म्हणतो, 'द अदर डे' अमुक भेटला होता. हा दिवस परवाचा असतो, मागच्या महिन्यातला असतो आणि म्हातारा माणूस बोलत असेल तर दहा वर्षांपूर्वीचाही असतो. दुसरा म्हणतो, आपण 'डाँकीज यर्स' भेटलो नाही. गाढवाची वर्षं! गाढवाचे लांब कान आणि लांबलेली वर्षं, इंग्रजीत या दोन शब्दांचा उच्चार जवळचा, त्यावरून केलेली ही कोटी आहे. ही वर्षं किती, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर मैत्री तुटते.

रोजच्या बोलण्याला असं सैल अंतर लागतं. पण हेच सैल अंतर कोर्टात गेलं तर?

'टाइम इम्मेमोरिअल' हा शब्दप्रयोग तुम्ही ऐकलेला आहे. आपण त्याला अनादी काळ म्हणतो, पूर्वापार म्हणतो. तुमच्या-माझ्या कल्पनेत या काळाला सुरुवात नसते. इंग्रजी कायद्यात मात्र तिला तारीख आहे. ३ सप्टेंबर ११८९. त्या दिवशी पहिल्या रिचर्डचा राज्याभिषेक झाला. पुढे १२७५ साली वेस्टमिन्स्टरच्या कायद्यानं जमिनीच्या दाव्यांसाठी ठरवलं की मागे जायचं ते रिचर्डच्या कारकिर्दीच्या सुरुवातीपर्यंत, त्यापलीकडे नाही. १२७५ मध्ये ही गोष्ट शहाऐंशी वर्षांपूर्वीची होती. एखाद्या म्हाताऱ्यानं आपल्या बापाकडून ऐकलेलं सांगावं, इतक्या अंतरावरची. ठरवणाऱ्यांनी तसा व्यवहारी विचार केला होता. गंमत पुढे आहे. काळ सरकला, ती रेघ सरकली नाही. शतकं लोटली तरी कायद्याच्या लेखी स्मरणाची हद्द ११८९ च राहिली. शेवटी १८३२ मध्ये वेगळा कायदा करून वीस, तीस, चाळीस वर्षं अशा ठरीव मुदती घालून द्याव्या लागल्या.

हे सगळं कशासाठी? वहिवाटीसाठी. या शेतातून आमची वाट पूर्वापार आहे, या कुरणात आमची गुरं पूर्वापार चरतात. ज्यांनी बांधाचं आणि पाणंदीचं भांडण पाहिलंय, त्यांना फोड करून सांगायला नको. 'कुणालाच आठवत नाही' हे वाक्य वरवर विसरण्याचं वाटतं. कोर्टात ते मालकीचं वाक्य होतं.

आणि म्हणून हा शब्दप्रयोग आपल्या दारी आला तेव्हा कसा आला, ते पाहा. २० मार्च १९२७. महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. नगरपालिकेनं ते तळं आधीच सर्वांना खुलं केलं होतं. त्या वर्षअखेर गावातले काही सवर्ण कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं काय होतं? अस्पृश्यांना या तळ्यावर न येऊ देण्याची रूढी 'इम्मेमोरिअल' आहे! तोच लंडनचा शब्द, तीच पूर्वापार. खटला नऊ वर्षांहून अधिक चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला, की अशी पूर्वापार रूढी असल्याचं वादींना सिद्ध करता आलेलं नाही. श्रोतेहो, इथे थोडं थांबू या. 'हे कायमच असं होतं' हे वाक्य गावात शेकडो वेळा बोललं गेलं असेल, आणि कुणी पुरावा मागितला नसेल. कोर्टानं मागितला, आणि वाक्य कोसळलं.

आता कबूल केलेलं व्याकरण. इंग्रजीत भूतकाळाच्या दोन खोल्या आहेत. एक बंद झालेली, एक उघडी. 'आय सॉ हिम' ही बंद खोली, 'आय हॅव सीन हिम' ही उघडी. उघड्या खोलीत 'यस्टरडे' आणता येत नाही, कारण काल संपला. आपला मराठी माणूस मात्र खुशाल म्हणतो, 'आय हॅव सीन हिम यस्टरडे', आणि मास्तर कान पिळतात. त्याचा दोष नाही. 'काल पाहिलंय मी त्याला' हे मराठीत चोख आहे. आपल्याकडे कालचा दिवसही उघडा राहू शकतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. वारलेला माणूस सहसा त्या उघड्या खोलीचा मालक होऊ शकत नाही. आईनस्टाईन प्रिन्स्टनला येऊन गेलेला आहे, असं इंग्रजीत त्या रूपानं म्हटलं की कानाला खटकतं, कारण आईनस्टाईन आता नाही. पण प्रिन्स्टन या गावाला कर्ता करा, म्हणजे गावाला आईनस्टाईनची भेट घडलेली आहे असं म्हणा, की वाक्य चालतं. गाव अजून आहे ना! भाषाशास्त्राच्या वर्गातलं हे जुनं उदाहरण. त्यातला अर्थ असा, की जो हयात आहे त्याच्या नावावर भूतकाळ उघडा राहतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, चौथ्या मुद्द्यात ती लागणार आहे.

दुसरा मुद्दा. कुणाच्या जागी उभं राहायचं?

इंग्रजीत एखाद्याचा कायमचा पराभव झाला की म्हणतात, त्याला त्याचं वॉटर्लू भेटलं. १८ जून १८१५ ची लढाई. ती जिंकली कुणी? वेलिंग्टननं आणि त्याच्या मित्रफौजांनी. म्हणजे ज्यांनी लढाई जिंकली, ते बोलताना नेपोलियनच्या जागी जाऊन उभे राहतात. दोन शतकं झाली तरी शब्द झिजलेला नाही. १९७४ साली ॲबा या स्वीडिश गटानं याच नावाच्या गाण्यावर युरोव्हिजनची स्पर्धा जिंकली.

आपण काय म्हणतो? पानिपत झालं. निवडणुकीत पानिपत, परीक्षेत पानिपत, धंद्यात पानिपत. आपण आपल्याच पराभवाचं नाव रोजच्या वापरात ठेवलं. दुसऱ्याच्या हारीवरून वाक्प्रचार करणं सोपं असतं, त्यात आपलं रक्त सांडलेलं नसतं. स्वतःच्या हारीवरून वाक्प्रचार होतो तेव्हा ती हार दर वर्षी, दर निवडणुकीला पुन्हा घरात येते.

आणि जी लढाई दोघांच्याही बोलण्यात नाही, तिचं काय? २३ सप्टेंबर १८०३, आपल्या जालना जिल्ह्यातलं असई. शिंदे आणि भोसले एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पुढे वेलिंग्टन झालेला आर्थर वेलस्ली. तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, असं त्याला म्हातारपणी विचारलं तेव्हा त्यानं असईचं नाव घेतल्याचं सांगतात. वॉटर्लूचं नाही, असईचं! तरी असई होणे असा वाक्प्रचार ना त्यांच्याकडे झाला, ना आपल्याकडे. लढाई मोठी असून भागत नाही. ती बोलण्यात यायला कुणाला तरी तिची गरज लागते.

इंग्रजांनी स्वतःच्या हारीचं काय केलं? डंकर्क पाहा. २६ मे ते ४ जून १९४० या दिवसांत फ्रान्सच्या किनाऱ्यावरून ३ लाख ३८ हजार सैनिक बाहेर काढले. तोफा, गाड्या, सामान बहुतेक तिथेच टाकून यावं लागलं. चर्चिलनं ४ जूनला पार्लमेंटमध्ये बजावलं होतं, की माघारीनं युद्धं जिंकली जात नाहीत. दुसऱ्याच दिवशी जे. बी. प्रिस्टली या लेखकानं बीबीसीवरून भाषण केलं. सहलीची माणसं वाहणाऱ्या साध्या आगबोटी समुद्र ओलांडून सैनिकांना आणायला कशा गेल्या, ते त्यानं सांगितलं. लोकांनी चर्चिलचा इशारा विसरून प्रिस्टलीच्या बोटी लक्षात ठेवल्या. 'डंकर्क स्पिरिट' तयार झालं. आता बर्फ पडून रेल्वे अडकली तरी इंग्रज माणूस डंकर्क स्पिरिटनं डब्यातली बिस्किटं वाटून खातो.

यात खोटं काही नाही. बोटी खरंच गेल्या. पण बरेचसे सैनिक आरमाराच्या विनाशिकांनी आणले. मागे राहून जर्मनांना रोखून धरणारे हजारो फ्रेंच सैनिक कैदेत गेले, आणि वाक्प्रचारातूनही गेले. आणखी कोण गेलं, माहीत आहे? हिंदुस्थानी लष्कराच्या खेचरांच्या तुकड्या. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून निघालेले हे लोक, बरेचसे पंजाबी मुसलमान. त्यांच्यातले काही शे जवान डंकर्कच्या वाळूवर होते. वाक्प्रचार आखूड असतो. त्यात सगळे मावत नाहीत, आणि कोण मावणार नाही हे बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं.

कधी कधी असा शब्द पुढच्या माणसांना हाताला धरून चालवतो. 'म्युनिक' म्हणजे १९३८ साली हिटलरपुढे घेतलेली नमती बाजू. त्याच वर्षी अँथनी ईडननं परराष्ट्रमंत्रिपद सोडलं होतं. १९५६ साली हाच ईडन पंतप्रधान होता आणि इजिप्तच्या नासरनं सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ईडनला नासरमध्ये जुना हुकूमशहा दिसला. पुन्हा म्युनिक होऊ द्यायचं नाही, या हट्टानं फौजा गेल्या, अमेरिकेनं डोळे वटारले आणि परतल्या. तेव्हापासून 'सुएझ' हा स्वतःच एक शब्द झाला. अर्थ, झेपत नसताना केलेला उद्योग. एक धडा पाठ केला म्हणून दुसरा शिकावा लागला.

आणि ज्या शब्दाशी आपला थेट संबंध आहे, तो 'म्युटिनी'. १८५७. शिपायानं मालकाविरुद्ध शस्त्र उचललं, एवढाच त्या शब्दाचा आवाका. हा शब्द वापरला की तुम्ही आपोआप ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तंबूत उभे. १९०९ साली सावरकरांच्या पुस्तकाच्या नावानं त्याला स्वातंत्र्यसमर म्हटलं, आणि सरकारनं त्या पुस्तकावर ते प्रसिद्ध होण्याआधीच बंदी घातली. इतकी भीती नावाची होती. पण आपण प्रामाणिक राहू. झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिलेल्या गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाच्या पूर्ण नावात बंड हाच शब्द आहे. ते काही इंग्रजांचे भाट नव्हते. ज्यातून जीव वाचवून घरी यायचं होतं, त्याला त्यांच्या पिढीनं ते नाव दिलं. माणूस कुठे उभा आहे, यावर नाव ठरतं, ते असं.

तिसरा मुद्दा. चांगलं की वाईट?

हा मुद्दा आपल्या ओळखीचा, म्हणून भरभर जाऊ. 'द गुड ओल्ड डेज'. 'इन माय डे'. आमच्या वेळी! सगळ्या भाषांतले म्हातारे हे म्हणतात, आणि तरुण सगळ्या भाषांत डोळे फिरवतात. घरात हे चालतं. राजकारणात आलं की त्याचा कार्यक्रम होतो. १९८३ साली मार्गारेट थॅचर 'व्हिक्टोरियन व्हॅल्यूज'चं कौतुक करू लागल्या. मेहनत, काटकसर, स्वावलंबन. त्याच व्हिक्टोरियाच्या काळातली गरिबांची वर्कहाउसं, खाणीत राबणारी पोरं त्या दोन शब्दांत नव्हती. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या प्रचारात तीन शब्दांची घोषणा होती, 'टेक बॅक कंट्रोल'. जोर कुठल्या शब्दावर? 'बॅक'वर. घ्या म्हटलं तर माणूस विचार करतो. परत घ्या म्हटलं की तो उठून उभा राहतो, कारण आपलं काहीतरी चोरीला गेलंय, हे त्यानं न विचारताच मान्य केलेलं असतं.

या मुद्द्यावर माझं आवडतं उदाहरण एका पोस्टरचं. लाल रंग, वर मुकुट, खाली 'कीप काम अँड कॅरी ऑन'. कपांवर, टी-शर्टांवर, आपल्या पुण्या-मुंबईतल्या दुकानांतही तुम्ही ते पाहिलंय. लंडनवर बॉम्ब पडत होते आणि लोक या पोस्टरकडे पाहून धीर धरत होते, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. खरं काय आहे? १९३९ साली हे पोस्टर सुमारे साडेचोवीस लाख प्रतींत छापलं, आणि आणीबाणीच्या वेळेसाठी म्हणून राखून ठेवलं. लोकांसमोर ते जवळजवळ आलंच नाही. बहुतेक प्रती पुढे लगद्यात गेल्या. २००० साली नॉर्थम्बर्लंडमधल्या ॲल्निक गावच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एका खोक्याच्या तळाशी एक प्रत सापडली. दुकानदारांनी ती भिंतीवर लावली, गिऱ्हाइकं मागू लागली, आणि युद्धानंतर अर्धशतकाहून जास्त काळानं युद्धकाळाचं ब्रीदवाक्य जन्माला आलं.

सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळातल्या जर्मन बॉम्बहल्ल्यांत, म्हणजे ब्लिट्झमध्ये, चाळीस हजारांहून जास्त नागरिक मेले. लोकांनी धीर दाखवला, हे खरंच. पडक्या घरांतून चोऱ्याही झाल्या, माणसं वेडीपिशीही झाली, हेही खरं. अँगस कॅल्डर या इतिहासकारानं १९९१ मध्ये 'द मिथ ऑफ द ब्लिट्झ' हे पुस्तक लिहून त्या धीराची गोष्ट कशी रचली गेली ते तपासलं. पुस्तक अभ्यासकांनी वाचलं. कप सगळ्यांनी विकत घेतला.

उलट बाजूही आहे. काही आवडलं नाही की इंग्रज म्हणतो, हे 'मिडीव्हल' आहे. मध्ययुगीन! छळ, अंधश्रद्धा, चेटकिणींना जाळणं, सगळं मध्ययुगाच्या खात्यावर. पण युरोपात चेटकीण म्हणून बायकांच्या शिकारीचा जोर होता तो सोळाव्या-सतराव्या शतकात. मॅथ्यू हॉपकिन्स हा इंग्लंडमधला कुप्रसिद्ध चेटकीण-शोध्या १६४० च्या दशकातला, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज वयात येत होते तेव्हाचा. आधुनिक काळानं आपली पापं शेजारच्या शतकाच्या अंगणात टाकली. आणि शेजारच्या शतकाला तक्रार करता येत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत जड. ते कुणी केलं?

इंग्रजीत कर्ता गाळायची उत्तम सोय आहे. जानेवारी १९८७. इराणला चोरून शस्त्रं विकल्याचं प्रकरण गाजत होतं. अध्यक्ष रेगन काँग्रेसपुढे उभे राहिले आणि म्हणाले, 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड'. गंभीर चुका झाल्या. कुणाकडून? वाक्यात जागाच नाही. आपण हसू नये. आपल्याकडे घरातला कप कधी कुणी फोडत नाही, तो फुटतो.

दुसरी सोय सौम्य नावाची. उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसं मारली गेली. त्याचं रोजच्या बोलण्यातलं नाव 'द ट्रबल्स'. त्रास! अमेरिकेच्या दक्षिणेत यादवी युद्धाला जुनी माणसं 'द लेट अनप्लेझंटनेस' म्हणायची. मागे झालेली ती जराशी कटुता. सहा लाखांवर माणसं मेलेली कटुता. अशी नावं सगळीच दडपण्यासाठी नसतात, हेही सांगायला हवं. डेरी किंवा बेलफास्टमध्ये मारणाऱ्याचा भाऊ आणि मेलेल्याचा भाऊ एकाच दुकानात पाव घ्यायला येतात. तिथे सौम्य शब्द हा शेजारधर्म असतो. प्रश्न सुरू होतो तो सरकार तोच शब्द वापरतं तेव्हा.

तिसरी सोय हिशेब मिटवायची. 'दॅट्स हिस्टरी.' 'एन्शन्ट हिस्टरी.' 'वॉटर अंडर द ब्रिज.' 'ड्रॉ अ लाइन अंडर इट.' पाहा कशी वाक्यं आहेत! इतिहास हा शब्द आपण अभिमानानं छाती फुगवून उच्चारतो. रोजच्या इंग्रजीत तोच शब्द केराच्या टोपलीचं काम करतो. अमेरिकन माणूस 'यू आर हिस्टरी' म्हणाला, तर त्याचा अर्थ तुम्ही थोर झालात असा नाही. तुम्ही संपलात.

आता तीन प्रसंग सांगतो, तिन्ही जगजाहीर.

पहिला प्रसंग, जून २०१०. १९७२ च्या जानेवारीत डेरीमध्ये ब्रिटिश सैनिकांनी नागरी मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्या दिवशी तेरा माणसं मेली. आधीच्या चौकशीनं सैनिकांना बरंचसं सोडवलं होतं. अडतीस वर्षांनी दुसऱ्या चौकशीचा अहवाल आला आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन पार्लमेंटमध्ये म्हणाले, जे झालं त्याचं समर्थन होऊच शकत नाही, आणि सरकारच्या वतीनं आपण 'सॉरी' आहोत. डेरीच्या चौकात पडद्यावर भाषण ऐकणाऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरा प्रसंग, फेब्रुवारी २०१३. तेच कॅमेरॉन अमृतसरला, जालियनवाला बागेत. १३ एप्रिल १९१९, सरकारी आकड्यानुसारच ३७९ मृत्यू. त्यांनी भेटपुस्तकात ही घटना अत्यंत लाजिरवाणी असल्याचं लिहिलं. माफी मागितली नाही. कारण विचारल्यावर म्हणाले, हे माझ्या जन्माच्या चाळीस वर्षं आधीचं आहे, इतिहासात हात घालून माफी मागण्याजोग्या गोष्टी शोधत बसणं बरोबर नाही. २०१९ मध्ये शताब्दीच्या वेळी तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनीही 'रिग्रेट' हाच शब्द वापरला. खेद.

आठवला पहिला मुद्दा? अंतर! पण डेरीच्या वेळी कॅमेरॉन पाच वर्षांचे होते. तिथेही गोळी त्यांनी झाडली नव्हती. म्हणजे जन्माआधी की जन्मानंतर, हा खरा निकष नाही. डेरीच्या चौकात मेलेल्यांची भावंडं उभी होती, मतदार होती, अडतीस वर्षं न्याय मागत होती. जो हयात आहे त्याच्या नावावर भूतकाळ उघडा राहतो, असं मघाशी व्याकरणात म्हटलं, ते इथे राजकारणात दिसतं. अमृतसरचे साक्षीदार लंडनच्या सरकारला जाब विचारू शकत होते, तोवर त्यांची कुणी माफी मागितली नाही. मग म्हणायचं, फार जुनं झालं.

तिसरा प्रसंग ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या आदिवासींची मुलं विसाव्या शतकात दशकानुदशकं सरकारनं आईबापांपासून ओढून नेली. १९९७ मध्ये त्यावरचा अहवाल आला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ मध्ये संसदेत ठराव आणला. शब्द निवडला, 'डीप अँड सिन्सिअर रिग्रेट'. खोल आणि मनापासून खेद. 'सॉरी' मात्र म्हणणार नाही. आजच्या पिढीनं मागच्या पिढीचा दोष का घ्यावा, हा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो टाकाऊ नाही. विचार करण्यासारखा आहे. पण लोकांनी खेद घेतला नाही. मे २००० मध्ये सिडनीच्या पुलावरून लाखो माणसं चालत गेली आणि वर विमानानं धुराच्या अक्षरांत आकाशात एकच शब्द लिहिला, सॉरी. १३ फेब्रुवारी २००८ रोजी नवे पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत तो शब्द उच्चारला. सभागृहात आणि बाहेर चौकाचौकांत लोक रडले.

मी स्वतःला विचारतो, लोकांना खेद का चालला नाही? खेद हा तर भारदस्त शब्द, आणि सॉरी आपण बसमध्ये पाय पडला तरी म्हणतो. नेमकं म्हणूनच. पावसाबद्दल खेद वाटू शकतो, भूकंपाबद्दल वाटू शकतो. सॉरी म्हणताना पाय कुणाचा होता आणि कुणाच्या पायावर पडला, हे दोघांनाही ठाऊक असतं. रोजच्या शब्दाला कर्ता असतो. रोजच्या शब्दाला उत्तर देणारा समोर असतो.

आता गोळाबेरीज. पहिल्या मुद्द्यात आपण पाहिलं, अंतराचा शब्द मालकी देऊ शकतो. दुसऱ्यात पाहिलं, लढाईच्या नावातच उभं राहायची जागा ठरते आणि कुणीतरी बाहेर राहतं. तिसऱ्यात पाहिलं, चांगला काळ पुष्कळदा नंतर छापला जातो. चौथ्यात पाहिलं, कर्ता गाळता येतो, आणि परतही आणता येतो.

हे सगळं इंग्रजीबद्दल झालं. जाता जाता आपल्याबद्दल एकच. 'लेट बायगॉन्स बी बायगॉन्स' म्हणतात ना, त्याच्या तोडीचं आपलं 'झालं गेलं गंगेला मिळालं'. फार सुंदर वाक्य आहे. ते म्हणता आल्याशिवाय घरं टिकत नाहीत, गावं टिकत नाहीत. पण आपल्याकडे ते म्हणतं कोण? वाटण्यांत बहिणीचा हिस्सा बुडवलेला भाऊ म्हणतो. ज्यांच्या आज्यापणज्यांनी पाणी अडवलं ते म्हणतात, 'तो काळच तसा होता, जुनं कशाला उकरायचं?' म्हणजे करणारेच म्हणतात, आणि सोसणाऱ्यानं मान हलवावी अशी अपेक्षा असते.

माझं म्हणणं एवढंच, की हे वाक्य ज्यानं सोसलं त्याच्या मालकीचं आहे. त्यानं ते म्हटलं तर ती क्षमा होते, मोठेपणा होतो. दुसऱ्यानं कुणी म्हटलं तर ती त्याच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखी गोष्ट आहे. करणाऱ्याच्या वाट्याला वेगळं वाक्य येतं. ते छोटं असतं, त्यात कर्ता असतो, आणि ते कुठल्याही भाषेत म्हणायला जड जातं. ते म्हणून झाल्यावर त्यानं गप्प बसावं आणि समोरचा काय म्हणतो याची वाट पाहावी. तो काहीच म्हणाला नाही, तरी तो त्याचा हक्क आहे.